बंदुकीचं कपाट

हनुमंताच्या घरात बंदूक असायची ती देवाजवळ. खुटबाव गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. देव्हाऱ्याच्या वर दोन खुंट्या, खुंट्यांवर आडवी बारा बोअरची दोन नळ्यांची बंदूक आणि तिच्या शेजारी त्याच्या बापाची, ज्योतिबाआबांची, मेंढरांमागची काठी. मेंढरं कधीच विकली, जमीन आली, ऊस आला, आबाही गेले. पण खंडेनवमीला काठी, कुऱ्हाड आणि बंदूक, तिघींना एकाच ताटातला भंडारा लागायचा. देवाजवळच्या वस्तूला वाईट बुद्धीनं कोण हात लावतंय, असा घरादाराचा भरवसा.

हा भरवसा किती खुळा होता ते दोन हजार दोनच्या श्रावणात कळलं. आणि हात लावणारा कुणी बाहेरचा नव्हता. खुद्द हनुमंतच होता.

झालं काय, धाकटा भाऊ दगडोबा, म्हणजे दगडू, त्यानं नांगरताना मधला बांध हातभर कोरला. दगडूचं म्हणणं, पहिल्या सालापासून बांध माझ्याच अंगावर होता, मी सरळ केला. हनुमंताचं म्हणणं, सरळ करणारा तू कोण टिकोजीराव? दोघांच्या तोंडून आईबाप निघाले, जन्माला आल्यापासूनची सगळी उणीदुणी निघाली, आणि हनुमंत तरातरा घरात गेला तो बंदूक घेऊनच बाहेर आला. भावाच्या छातीवर धरली. काडतूस होतं का नव्हतं, हे त्याला स्वतःलाही नंतर आठवेना. बायकोनं, गिताबाईनं, नळी धरून वर ढकलली आणि बार आभाळात उडाला तेव्हा कळलं, होतं.

भावकीनं प्रकरण गावातच मिटवलं. चार म्हाताऱ्यांनी बिरोबाच्या देवळात दोघांना बसवलं आणि हनुमंताला म्हणाले, भंडारा उचल, भावावर पुन्हा हत्यार धरणार नाही म्हण. हनुमंत फणकारला, "मी काय खरंच मारणार व्हतो व्हय? भंडारा कशाला उचलायचा?" आणि उठून आला. गिताबाई देवळाच्या पायरीवर उभी होती. तिनं ते ऐकलं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि ज्यांना गिताबाई माहीत आहे त्यांना सांगायला नको, ती बोलत नाही तेव्हाच घाबरायचं.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर बंदूक विकून का टाकली नाही? अहो, बंदूक विकायची म्हणजे पोट विकायचं. हनुमंत वरवंडला एका पतसंस्थेत गनमन होता. स्वतःची बंदूक आणि स्वतःच्या नावचं लायसन, असा माणूस त्यांना पाहिजे होता, म्हणून तर दहावी नापास हनुमंताला खाकी ड्रेस आणि महिन्याचा पगार. दीड एकर उसात काय भागतंय? शिवाय मान होता. एसटीत कंडक्टर त्याला पुढची सीट द्यायचा. बंदूक गेली की लायसन गेलं, लायसन गेलं की नोकरी गेली, आणि मग हनुमंत म्हणजे गावातल्या शंभर हनुमंतांपैकी एक.

आणि नेमकी तीच वेळ आली. दसऱ्याच्या आधी ठाण्यातून हवालदार आले. डिसेंबरात लायसनची मुदत संपत होती, त्याची चौकशी. त्यांनी देव्हाऱ्यावर मान वर करून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हनुमंतराव, ही बंदूक हाय का फुलाची माळ? नवीन साहेब लई कडक हायेत. लोखंडी कपाट पाहिजे, कुलपाचं, जमिनीत बोल्ट मारलेलं. दिवाळीच्या तोंडावर येतो बघायला. न्हाई दिसलं, तर मला तसं लिहावं लागंल. मग रिन्यूचं माझ्या हातात न्हाई."

नवं कपाट घ्यायची ऐपत नव्हती. पतसंस्थेच्या शिपायानं सांगितलं, दौंडला स्टेशनच्या मागं चांगदेव म्हणून एक म्हातारा आहे. रेल्वेत तीस वर्षं फिटर होता. रिटायर झाल्यावर जुन्या तिजोऱ्या, कपाटं, कुलपं घेतो, दुरुस्त करून विकतो. खोटं बोलत नाही.

दसरा झाल्यावर पहिल्या रविवारी हनुमंत निघाला, तर गिताबाई लुगडं बदलून दारात तयार.

"तुला काय कळतंय लोखंडातलं?"

"तुम्हाला तरी काय कळतंय? चला."

आता मापाचा प्रश्न. बंदूक खांद्याला लावून बाजारात हिंडायची सोय नाही. हनुमंतानं डोकं लढवलं, बंदूक उभी करून तिच्या शेजारी ऊस धरला आणि बरोबर तेवढाच तोडून घेतला. एसटीत जो तो विचारी, पाहुणं, एकच ऊस कुणाला घेऊन चाललाय? हनुमंत वैतागला. दौंड येईपर्यंत उन्हानं घसा सुकला तसा त्याचा हात उसाकडं गेला. गिताबाईनं डोळे वटारले. "आँ आँ, माप कमी व्हईल."

चांगदेव शेडमध्ये बाकड्यावर बसून एका कुलपात तेल सोडत होता. सत्तरीचा, शिडशिडीत, खिशाला पेन आणि बारीक मापं घ्यायचा वर्नियर, चष्म्याला दोरी.

"रामराम."

"जयभीम. या, बसा. काय पायजे?"

हनुमंतानं काम सांगितलं. चांगदेवानं ऊस हातात घेतला, वर्नियर नव्हे तर टेप लावून मोजला आणि हसू न येऊ देता वहीत आकडा लिहिला. बंदूक उभी मावेल अशी दोनच कपाटं होती.

पहिलं बघताक्षणी हनुमंताचा जीव त्याच्यावर बसला. पोपटी रंग, असा चकचकीत की तोंड दिसावं. पितळी मूठ. दारावर कमळातली लक्ष्मी. हनुमंतानं त्याला मागं-पुढं बघितलं, बाजारात मेंढा बघतात तसा पाठीवर हात फिरवला, आणि म्हणाला, "हेच द्या."

"हे नका घेऊ," चांगदेव म्हणाला.

"का? चांगलं दिसतंय की."

"चांगलं दिसंलच. मीच रंगवलंय. रंग काय, मी म्हशीला बी देईन."

गिताबाई फसकन हसली. हनुमंताला राग आला, पण म्हाताऱ्यानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यानं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि कपाटाच्या पत्र्याला लावलं. चिकटलं. हळूहळू खाली सरकवत आणलं. दाराच्या कोपऱ्यापाशी आल्यावर चुंबक सुटून टपकन खाली पडलं.

"हितं लोखंडच न्हाई. सडलं व्हतं, लांबी, म्हंजी पुट्टी, भरून घासलंय. आता ऐका." त्यानं पान्याच्या मुठीनं दारावर टकटक केलं. आवाज घागरीसारखा आला. "एकेरी पत्रा. बिजागऱ्या भायेर हायेत, त्या कापल्या की दार हातात. कुलपाला बोल्ट एकाच बाजूनं. ह्यात साड्या ठेवा, लई झ्याक."

"मग विकायला कशाला ठेवलंय?"

"साड्या ठेवणारी मान्सं बी येत्यात की."

दुसरं कपाट मागं अंधारात उभं होतं. राखाडी, ठिकठिकाणी रंग उडालेला, दिसायला बापुडवाणं. शिरूरकडचा एक कारखाना बंद पडला, त्याच्या गेटवरच्या पहारेकऱ्यांच्या खोलीतलं. आत लाकडाच्या खाचा होत्या, खाचांना हिरव्या बनातीचं मऊ लोकरी कापड. चांगदेवानं चुंबक वरपासून खालपर्यंत चारी बाजूंनी फिरवलं, कुठंही सुटलं नाही. पान्यानं ठोकलं तर नुसता दबका ठक्क आवाज.

मग त्यानं दार अर्धं उघडलं आणि हात काढून घेतला. दार जिथं होतं तिथंच राहिलं. "बघा. बिजागरी खचली असती तर दार आपोआप फिरलं असतं." त्यानं दाराची कड हनुमंताच्या बोटात धरायला दिली. बोटाच्या पेराएवढी जाड. दार उघडं ठेवूनच त्यानं चावी फिरवली, तसे तिन्ही बाजूंनी अंगठ्याएवढे बोल्ट एकदम बाहेर आले. पुन्हा फिरवली, आत गेले. असं दहा वेळा. दहाही वेळा एकसारखा आवाज.

"कुलूप नेहमी दार उघडं ठेवून तपासायचं," तो म्हणाला. "बंद करून तपासलं आन् अडकलं, तर मग बसा बोंबलत. आता तुम्ही वाका आन् आत वास घ्या."

हनुमंत आत डोकं घालून वास घेऊ लागला. "कसला वास?"

"कसलाच न्हाई ना? मग बरं हाय. दोन पत्र्यांमदी काँक्रीट भरलेलं असतंय. त्यात वल धरली की कुबट वास मारतो आन् बंदूक आतल्या आत गंजती. हे कोरडं हाय. तरी पावसाळ्यात कपड्यात बांधून चुन्याची कळी ठेवा."

ऊस आत उभा केला. बरोबर बसला, वर चार बोटं जागा उरली. एवढं झाल्यावर चांगदेव बाकड्यावर बसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कुणाच्या हातापासनं जपायची हाय बंदूक?"

"चोराच्या," हनुमंत म्हणाला. "अजून कुणाच्या?"

"चोर पहार घेऊन येतो. पाच-दहा मिण्टं घाव घालतो. तेवढं ह्यानं सोसलं की तो पळतो. हे तासभर सोसंल. माझ्या शब्दावर न्या."

गिताबाई इतका वेळ शेडच्या खांबाला टेकून उभी होती. ती पुढं आली. "आन् चोर न्हाई, घरचाच माणूस असला तर?"

हनुमंताचा चेहरा उतरला. कुणीतरी भर बाजारात फेटा काढून घ्यावा तसं त्याला झालं. चांगदेवानं एकदा बाईकडं बघितलं, एकदा बाप्याकडं, आणि चष्मा पुसायला घेतला.

"घरच्याला पहार कशाला लागती वैनी? त्याला चावी कुठंय ते ठावं असतं. तवा लोखंड किती बी जाड असू द्या, चावी कुणापाशी हाय ते बघा."

"चाव्या किती?"

"दोन."

"तिसरी रस्त्यावर करून मिळंल?"

"ह्या कुलपाची? नावच नका घेऊ. मला बी आठ दिवस लागत्याल."

"मंग दोन्ही माझ्या हातात द्या," गिताबाई म्हणाली आणि हात पुढं केला.

किमतीची घासाघीस हनुमंतानं केली, पण त्यात त्याचा जीव नव्हता. एसटीत परत येताना तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. वाटेत ऊस मात्र दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला.

कपाट दोन दिवसांनी टेम्पोतून आलं. तीन क्विंटलच्या वर वजन. ते उतरवायला सहा माणसं पाहिजेत आणि गल्लीत होती पाच. सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तेवढ्यात दगडू आला. श्रावणापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. तो हनुमंताकडं बघायलाही तयार नव्हता. टॉवेल खांद्यावर घडी करून ठेवला, कपाटाची खालची, जड बाजू धरली आणि बाकीच्यांना म्हणाला, "हं, बघता काय? लावा जोर." पायपांवरनं ढकलत, उंबऱ्याची पट्टी काढून, अर्ध्या तासात कपाट मधल्या खोलीत गेलं. बोल्ट मारून झाले तेव्हा हनुमंत काहीतरी बोलायला वळला, तर दगडू निघून गेलेला.

संध्याकाळी गिताबाईनं खुंटीवरची बंदूक काढली, काडतुसांचा पट्टा काढला, दोन्ही आत ठेवून दार लावलं. मग देव्हाऱ्यापुढं बसली आणि वाटीतला भंडारा मुठीत घेतला.

"बिरोबा, ऐक. रोज आठ वाजता डुटीला मी सोता बंदूक काढून दीन. संध्याकाळी आले की मी सोता ठिवीन. चावी ह्यांच्या हातात जायची न्हाई. दिली, तर माझ्या लेकराबाळांचं तू बघ."

हनुमंत चपापला. "अगं ए खुळे! एवढी मोठी आण कशाला?"

"तुम्ही उचलला न्हाई. मंग कुणीतरी उचलाय पायजे का नको?"

धनगराच्या घरात भंडाऱ्यावर हात ठेवून बोललेला शब्द म्हणजे संपलं. तो फिरवायचा नसतो आणि दुसऱ्याला फिरवायला लावायचाही नसतो. लावणाराही त्या पापाचा धनी होतो. हनुमंत वरवर हसला, म्हणाला, चला, बंदूक तेल-पाणी करून हातात मिळते, वाईट काय? पण रोज सकाळी दारात हात पसरून उभं राहायचं आणि बायकोनं बंदूक द्यायची, हे त्याला आतून लागत होतं. शाळेत जाणाऱ्या पोराला डबा देतात तसं.

आठ-दहा दिवस नीट गेले.

एका संध्याकाळी हनुमंत वरवंडहून आला, बंदूक गिताबाईच्या हातात दिली, ड्रेस बदलला आणि शेतावर चक्कर मारायला गेला. बघतो तर बांधाचा धोंडाच नाही. आबांनी दोघांच्या वाटण्या करताना स्वतःच्या हातानं पुरलेला धोंडा. दगडूनं तो उपटून दोन पावलं अलीकडं, हनुमंताच्या रानात पुरला होता, आणि वर चुना मारला होता. चुना! म्हणजे ढळढळीत. दगडू पलीकडं पाणी धरत होता. त्यानं मान वर केली आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

हनुमंत तसाच तडक घरी आला. डोळ्यांत रक्त.

"चावी दे."

गिताबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं आणि तिला सगळं कळलं. "न्हाई."

"चावी दे म्हणतो न्हवं!"

"मी भंडारा उचललाय. माझ्या कमरंला हाय चावी. हिसकून घ्यायची तर घ्या. मंग तुमचं तुम्ही आन् बिरोबाचं बिरोबा."

हनुमंताचा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. हिसकावलं असतं तर कोण अडवत होतं? पण त्या चावीला हात लावायची त्याची छाती होईना. मग त्यानं काय करावं? ओसरीतली पहार उचलली आणि मधल्या खोलीत जाऊन कपाटावर घातली.

पहिल्या घावाला हात झिणझिणले. दुसरा घाव दाराच्या फटीत. पहारेचं टोक फटीत जाईचना. बिजागरीकडं घातला, तर बाहेर बिजागरीच नव्हती. मुठीवर घातला, मूठ वाकली. तो शिव्या देत होता, भावाला, बायकोला, चांगदेवाला, आणि त्या राखाडी लोखंडाला. घणघण आवाज आळीभर गेला. माणसं अंगणात येऊन उभी राहिली, पण आत यायची कुणाची हिंमत झाली नाही. गिताबाई चुलीपाशी तव्याकडं बघत बसून राहिली. भाकरी जळाली तरी तिनं उलटली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हनुमंताच्या हातातून पहार गळाली. तो घामानं निथळत जमिनीवर बसला आणि कपाटाकडं बघत राहिला. रंग उडाला होता, पाच-सात ठिकाणी खोक पडली होती, पण दार केसभर हललं नव्हतं. चोर पहार घेऊन येतो, म्हातारा म्हणाला होता, आणि आता चोराच्या जागी आपणच बसलोय. ह्या दारामागं बंदूक नसती, खुंटीवर असती, तर एवढ्या वेळात दगडू पाण्याच्या सरीत पालथा पडलेला असता. त्याला तिथंच ओकारी झाली. गिताबाई तांब्या घेऊन आली, त्याला चूळ भरायला लावली, राख टाकून जमीन पुसली.

सकाळी आठ वाजता तिनं चावी लावली. वाकलेल्या मुठीला जरा जोर लागला, बोल्ट सरळ आत गेले. बंदूक जशीच्या तशी. हनुमंत ती खांद्याला लावून ड्युटीवर गेला, पण दिवसभर नळीकडं बघायला त्याला नको वाटलं.

दिवाळीला तीन दिवस राहिले होते, रविवारचा दिवस, तेव्हा हवालदार मोटरसायकलवरनं आले. कपाट बघून खूष झाले. बोल्ट बघितले, हलवून बघितलं. "वा हनुमंतराव, हे खरं कपाट." मग दाराकडं वाकले आणि खोकांवरनं बोट फिरवलं. चेहरा बदलला.

"ह्या पहारेच्या खुणा हायेत. ताज्या. चोर आलता का?"

हनुमंतानं दोन्ही तळहात पाठीमागं नेले.

"अवो, बंदुकीसाठी घर फोडायला कोण आलं, तर ही साधी गोष्ट न्हाई. पंचनामा करावा लागंल." त्यांनी फाईल मांडीवर घेतली, पेन काढलं. "संशय कुणावर?"

हवालदारानं आवाज खाली आणला.

"मी सांगू? तुमच्या भावानं बांधावरनं मागंच आमच्याकडं अर्ज टाकलाय. बंदुकीचं त्याला भ्या असणारच. त्यानंच न्यायचा प्रयत्न केला असंल. नाव घालू? आज नेतो. दिवाळी आत जाईल, बांध आपोआप सरळ व्हईल."

गिताबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हे तिचं बोलायचं नव्हतं.

हनुमंताच्या डोळ्यांपुढं काय काय आलं! नुसती मान हलवायची होती. तोंडानं बोलायचीही गरज नव्हती. धोंडा जागेवर आला असता, दगडूचा माज उतरला असता, लायसन रिन्यू झालं असतं, नोकरी राहिली असती. आळीतलं कुणी पोलिसाला सांगायला आलं नसतं. हवालदाराचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"चोर न्हवता," हनुमंत म्हणाला. "मीच मारली पहार."

"तुम्ही? आन् ती कशाला?"

"बंदूक काढायला."

"चावी हरवली व्हती?"

"चावी हिच्याकडं असती. ही देईना."

हवालदारानं नवराबायकोकडं आळीपाळीनं बघितलं. पेनाचं टोपण लावलं. "कुणासाठी काढायची व्हती बंदूक?"

"ज्याचं नाव तुम्ही आता घालत व्हता, त्याच्यासाठी."

हवालदार वयानं मोठे होते, पोरीबाळींचे बाप होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हनुमंतराव, हे तुम्ही बोलायला नको व्हतं. आता मी ऐकलंय. मी वर कळवलं तर लायसन रद्द, आन् पुन्हा जन्मात मिळायचं न्हाई. दुसरा रस्ता एकच. तुम्ही सोताहून अर्ज करा, हत्यार ठाण्यात जमा करतो म्हणून. लायसन नावावर राहील. पुढं साहेबांना पटलं तर परत मिळंल. कवा ते मी सांगू शकत न्हाई."

"पतसंस्थेला बंदूकवाला माणूस पायजे, साहेब."

"ते मला ठावं हाय."

हनुमंतानं हाताचे तळवे बघितले. पहारेचे फोड अजून वाळले नव्हते. "कागद द्या," तो म्हणाला. "मला त्या बंदुकीचं भ्या न्हाई वाटत साहेब, माझंच वाटतंय."

अर्ज हवालदारानंच लिहिला, हनुमंतानं सही केली. गिताबाईनं कमरेची चावी काढून कपाट उघडलं. बंदूक काढली, पदरानं नळी पुसली, आणि ती हनुमंताच्या समोरून नेऊन हवालदाराच्या हातात दिली. काडतुसं मोजून दिली. पावती हनुमंतानं घेतली. मोटरसायकल गेल्यावर तो ओसरीवर येऊन बसला, आणि गिताबाई आत जाऊन रडली. नवऱ्याची नोकरी आपल्या हातानं पोलिसाला दिली म्हणून रडली, आणि दीर जिवंत आहे म्हणूनही. ते दोन्ही रडणं एकाच वेळी येत होतं.

गावात पोलिसाची गाडी आली की बातमी तिच्याही आधी पोचते. तासाभरात दगडू आला. धुतलेली पैरण, डोक्याला टोपी, बगलेत पिशवी. पिशवीत कपड्यांचा एक जोड. अंगणात उभा राहिला आणि तावातावानं म्हणाला, "आण्णा, कुठं जायचं सांग. यवतच्या ठाण्यात का दौंडच्या? मी सोता जातो. दारात गाडी नको, पोरं घाबरत्यात. घातलंस न्हवं माझं नाव?"

श्रावणानंतर तो पहिल्यांदा आण्णा म्हणाला होता.

"न्हाई," हनुमंत म्हणाला. "माझं घातलं."

दगडूला कळेना. त्यानं उघड्या दारातून आत बघितलं. कपाट सताड उघडं होतं आणि आत हिरव्या बनातीच्या रिकाम्या खाचा. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"मंग उद्या डुटीला काय घिऊन जाणार तू?"

"काय न्हाई. जाणारच न्हाई."

दगडू पायरीवर बसला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मग तो उगाच खाकरला.

"धोंडा मी जरा जास्तच अलीकडं पुरलाय," तो म्हणाला. "सकाळी दोरी घिऊन ये. मोजू."

"दोरी तूच आण," हनुमंत म्हणाला. "माझी आणली तर पुन्हा म्हणशील, आखूड हाय."